मदत हवी आहे: कापसाच्या नोंदी अपडेट व्हायला फार वेळ लागतो

नमस्कार मंडळी. वणीजवळच्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हंगामातल्या सुमारे 4 लाख काटापावत्यांमध्ये रात्री ओलाव्याची कपात आणि देय रक्कम अपडेट करावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये याला 3 तास लागतात, मधेच लाइन गेली की सगळं रोलबॅक, म्हणजे केलेलं काम रद्द. सकाळी शेतकरी हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळत बसतात, ते बघवत नाही.

टेबलवर 7 इंडेक्स (नोंद पटकन शोधायच्या सूची) आहेत, त्यातला एक देय रकमेवरच. पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत लिहितं आणि इंडेक्समधला कॉलम बदलला की बाकीच्या इंडेक्समध्येही नवी नोंद करतं, एवढं कळलं. मग देय रकमेवरचा इंडेक्स काढून फिलफॅक्टर 80 (म्हणजे प्रत्येक पानात 20% जागा नव्या प्रतींसाठी मोकळी) ठेवू का? की 5-5 हजारांच्या बॅचने कमिट (कायम जतन) करू? कोणी केलं असेल तर सांगा जी.