मदत हवी आहे: दोघांची संमती असताना घटस्फोटाला इतका वेळ का? लवकर कसा होईल?

रानजाई
थेट मुद्द्यावर येते. आम्हा दोघांनाही घटस्फोट हवाय. भांडण नाही, पैशाचं ठरलंय. तरी वकील म्हणायलेत, सहा महिने धराच, वर्षही जाईल. दोघं हो म्हणत असताना कोर्टाला अडचण काय? लग्न परभणीचं आहे. लवकर कसं होईल तेवढंच सांगा. "अजून एकदा विचार करा" हे कृपया नको, तो करून झालाय.

जांभूळबेट
ताई, लग्न कधी झालं, वेगळे कधीपासून राहता, मूलबाळ आहे का, केस टाकली की टाकायचीय? यातलं काहीच लिहिलं नाही. नाडी न बघता औषध कसं द्यायचं?

पितळी_तांब्या
लोकअदालतीत टाका. एका दिवसात निकाल, वर अपील नाही. माझ्या मेहुण्याचं बँकेचं प्रकरण असंच मिटलं.

सीनियर_डिव्हिजन
तांब्याभाऊ, लोकअदालतीत पोटगीचं मिटतं, घटस्फोट मिळत नाही. बँकेचं कर्ज आणि बायको यात फरक आहे हो.

रानजाई, तुमचं प्रकरण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधलं. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढं उभं राहून "अजूनही हेच हवंय" म्हणायचं. वकील सांगतायत ते सहा महिने हेच.

पण सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सहा महिने माफ करता येतात. त्यासाठी पहिला अर्ज देतानाच वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं पाहिजे, समेटाचे प्रयत्न फसलेले पाहिजेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं पाहिजे. पहिल्या अर्जानंतर आठवड्यानं माफीचा अर्ज टाकता येतो. तो मंजूर करायचा की नाही हे न्यायाधीशांच्या हातात. म्हणून जांभूळबेट विचारतायत ते आधी सांगा.

रानजाई
२०१९ चं लग्न. २०२३ च्या दिवाळीपासून वेगळे. केस टाकायचीय. मुलगी आहे, ती माझ्याकडंच असते, त्यामुळं तो प्रश्नच नाही. आता सांगा.

हुरडा
संमतीच्या भानगडीत पडूच नका. सरळ एकतर्फी टाका. त्यांना विरोधच करायचा नाही ना? मग नोटीस घ्यायची, तारखेला यायचं नाही. तीन-चार तारखांत डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, हातात. आमच्या गावात एकानं असंच केलं.

सीनियर_डिव्हिजन
हे ऐकू नका. समोरचा आला नाही तरी कलम १३ खाली क्रूरता, नाहीतर दोन वर्षं सोडून जाणं, असं कारण पुराव्यानिशी मांडावंच लागतं. वर एकतर्फी हुकूम रद्द करायला नंतर अर्ज करता येतो, अपीलही होतं. उद्या त्यांचं मन फिरलं तर तुम्ही लटकलात. कौटुंबिक न्यायालयातून संमतीनं झालेल्या हुकुमावर अपील नसतं, हा त्याचा मोठा फायदा.

हुरडा
तुम्ही वकील दिसता. तारखा वाढल्या की तुमचं बरं.

सीनियर_डिव्हिजन
कारकून होतो. निवृत्त झालो. तारखा वाढल्या की फाइली मलाच उचलाव्या लागायच्या.

मोंढ्यावरची_मावशी
बाळा, कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता. आमच्याकडं पंच बसायचे, बाँडवर फारकत लिहायची, भांडीकुंडी परत, मोकळे. लेकरू आहे म्हणतेस, त्याच्याकडं बघून एकदा...

जांभूळबेट
मावशी, तिनं हेच नको म्हटलंय. आणि बाँडवरच्या फारकतीचं काय ते नीट ऐका. समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करता आलं तर कायदा ती मानतो, पण रूढी सिद्ध करायला पुन्हा कोर्टातच जावं लागतं. तोवर कुणी दुसरं लग्न केलं तर पहिलं लग्न कायम धरून गुन्हा दाखल होतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोटरीचा शिक्का मारला म्हणून घटस्फोट होत नाही.

रानजाई, मुलीचा "प्रश्नच नाही" असं नसतं. माझ्या चुलत बहिणीच्या प्रकरणात न्यायाधीश साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बापानं कधी भेटायचं?" कागदावर उत्तर नव्हतं. पुढची तारीख. संमतीच्या अटींत ताबा कुणाकडं, भेट कोणत्या रविवारी आणि कुठं, दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टवर सही कोण करणार, सगळं लिहून घ्या. आणि तिच्या नावानं पैसे ठेवणार असाल तर तेही.

नावात_काय
घटस्फोटानंतर नाव बदलायचं असेल तर राजपत्रात देऊन मग आधार आणि पॅन बदला. आधी आधार केलं तर बँकेत घोळ होतो. माझं लग्नानंतरचं झालं तेव्हा...

रानजाई
नावाचं मी विचारलेलंच नाही. परभणीत कोणत्या वकिलांकडं जायचं ते इथं सांगू नका, ते आहेत. प्रश्न एवढाच की माझे मिस्टर हैदराबादला असतात आणि मी संभाजीनगरला. दोघांनी परत परत परभणीला येणं जमत नाही.

सीनियर_डिव्हिजन
हे आता सांगताय! तुम्ही संभाजीनगरला राहता तर केस परभणीतच टाकायचं बंधन नाही. लग्न झालं ते ठिकाण, शेवटचं एकत्र राहिलेलं ठिकाण, यांच्यासोबत बायको राहते ते ठिकाणही चालतं. २००३ च्या दुरुस्तीनं ती सोय झाली. तुमच्याकडं कौटुंबिक न्यायालय आहे, तिथं टाका. भाडेकरार, मुलीच्या शाळेचा दाखला, नोकरीचं पत्र, हे जवळ ठेवा. वेगळं राहण्याचा पुरावा म्हणूनही तेच लागतं.

समुपदेशकाकडं दोघांना बसावं लागेल. तिथं "आमचं ठरलंय" म्हणून तोऱ्यात बसू नका, शांतपणे सांगा. त्यांनी अहवालात "समेट शक्य नाही" लिहिलं की माफीच्या अर्जाला आधार मिळतो. मिस्टरांना दर वेळी यायला जमत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सचा अर्ज करा. त्या २०१७ च्या निकालातच तशी मुभा आहे.

पितळी_तांब्या
हैदराबादहून अजिंठा एक्स्प्रेस आहे की. रात्री बसायचं, सकाळी संभाजीनगर.

हुरडा
अजिंठा वेळेवर आली तर. साहेबांनी पुकारा केला आणि पार्टी पूर्णेला क्रॉसिंगला थांबलेली.

जांभूळबेट
रेल्वेचा धागा वेगळा काढा. ताई, एक राहिलं. पोटगीची केस, घरगुती हिंसाचाराची, पोलिसातली तक्रार, असं काही चालू आहे का?

रानजाई
२०२४ मध्ये पोलिसात तक्रार दिली होती, ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची. सासू-सासऱ्यांचीही नावं आहेत. ती मागे घेणारच आहे, तसं ठरलंय. त्याचा घटस्फोटाच्या वेळेशी काय संबंध?

सीनियर_डिव्हिजन
बराच आहे. ४९८-अ आपल्याकडं ठाण्यात जाऊन मागे घेता येत नाही. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात, म्हणजे औरंगाबाद खंडपीठात, अर्ज लागतो. तडजोड झाल्याचं तुमचं शपथपत्र लागतं, बहुतेक वेळा तुम्हाला हजरही राहावं लागतं. सासू-सासरे यातून सुटेपर्यंत मिस्टरांच्या बाजूनं पैसे सोडले जात नाहीत, आणि पैसे मिळेपर्यंत तुम्ही शपथपत्र देत नाही. सहा महिने माफ होऊनही प्रकरणं अडकतात ती इथं. तुमच्या वकिलांनी वर्ष सांगितलं त्याचं कारण मला हेच दिसतं.

यावर उपाय म्हणजे अटींतच हप्ते बांधा. काही रक्कम पहिल्या अर्जाला, काही अंतिम डिक्रीला, उरलेली खंडपीठाच्या आदेशादिवशी. सगळं डिमांड ड्राफ्टनं, आणि ड्राफ्टचे नंबर अटींत. दोन्ही कामं एकदमच लावा, एक झाल्यावर दुसरं असं करू नका.

हुरडा
पूर्ण रक्कम डिक्रीच्या आधीच घ्या ताई. नंतर कोण देतंय?

जांभूळबेट
आणि त्यांनी गुन्हा रद्द होण्याआधी पूर्ण रक्कम का द्यावी? त्यांचे आईवडील आरोपी आहेत. हप्तेच बरोबर.

मोंढ्यावरची_मावशी
सोनं कुणाकडं आहे ते नाही विचारलं कुणी.

रानजाई
सोनं त्यांच्या आईकडं आहे. ते अटींत नाही.

सीनियर_डिव्हिजन
मग कागद तयार नाहीत. वजनासकट यादी करा, परत मिळाल्याची पावती पहिल्या अर्जासोबत लावा. मावशींनी नेमकं पकडलं.