मदत हवी: मुस्लिम गावात राहून शिकवायचंय, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे

पऱ्हाटी
घाईत लिहिणं चाललंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. एका संस्थेतर्फे सहा महिने शिकवायला जायचं ठरतंय. विषय गणित आणि विज्ञान. पगार नाही, राहणं-जेवण गावातल्याच एका कुटुंबात. अख्खं गाव मुस्लिम आहे आणि पोचल्यावर चार दिवसांत रोजे सुरू. आमच्या घरी माळ आहे, अंडंसुद्धा येत नाही. प्रश्न दोनच. शाकाहारी माणसाचं तिथं भागतं का? आणि रोज्यांत शाळेत पाणी प्यायचं की नाही? शनिवारी हो-नाही कळवायचंय. ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

माळरान
गाव कुठल्या देशात आहे? तेवढं सोडून सगळं लिहिलंय.

कोरडवाहू
भाऊ, आधी पासपोर्ट उघडून पहा, ईसीआर लिहिलंय का, म्हणजे परदेशात नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा. दहावी पास असशील तर ती भानगड नसते. असेल तर ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद असलेला एजंटच धर, दुसऱ्या कोणाच्या हातात पासपोर्ट देऊ नको. माझ्या चुलतभावाला एकाने सौदीत ड्रायव्हरची नोकरी सांगून नेलं आणि तिथं बकऱ्या राखायला लावल्या. अकरा महिने. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. एक एकर विकून आणला त्याला.

पऱ्हाटी
सौदी नाही हो. झांझिबार, टांझानियातलं बेट. वर लिहिलंय असं वाटलं होतं.

वऱ्हाडी_बाप्पा
भाऊ, काहून इतक्या दूर जाऊन रायला? आपल्या इथं झेडपीच्या शायेत दोन मास्तर अन् चार वर्ग, अन् तू आफ्रिकेत फुकट शिकवाले चालला? शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर अर्ज भरला का? मास्तरकीची टीईटी परीक्षा पास हायेस का?

पऱ्हाटी
टीईटी झाली आहे. पोर्टलवर नाव आहे, ते आहे तिथेच आहे. सध्या तासिका तत्त्वावर, त्याचंही मानधन दिवाळीपासून आलेलं नाही. आणि भाऊ नाही, ताई. सव्वीस वर्षांची आहे मी.

वऱ्हाडी_बाप्पा
अरे बाप्पा. मंग तं जाऊच नको.

माळरान
वा. भाऊ होती तोवर टीईटी विचारत होता, ताई झाल्याबरोबर घरी बस.

दारेसलाम_रिटर्न
मी टांझानियात पाच वर्षं होतो, कामानिमित्त झांझिबारला येणं-जाणं असायचं. जेवणाचं आधी सांगतो. उपाशी राहणार नाहीस. चपाती मिळते, तिला तिथंही चपातीच म्हणतात, फक्त आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट. भात म्हणजे वाली. माहारागे म्हणजे राजम्यासारख्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया, नारळाच्या दुधात शिजवतात. आणि म्चिचा नावाची पालेभाजी खाशील तेव्हा रडू येईल, कारण तो आपला माठच आहे. फक्त एक लक्षात ठेव. भाजीत डागा नावाची बारीक सुकी मासळी टाकायची पद्धत आहे आणि त्यांच्या हिशेबी ते मांसाहारात धरत नाहीत. "मी शाकाहारी" म्हणून कोणाला कळणार नाही. पाठ कर: "सिली न्यामा वाला समाकी." मटण खात नाही, मासेही खात नाही.

दुसरं, घड्याळ. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे "सा मोजा", एक वाजला. मला एकाने "सा ताटू"ला ये म्हटलं. ताटू म्हणजे तीन हे मला येत होतं, म्हणून मी दुपारी तीनला गेलो. तो सकाळी नऊपासून वाट पाहून निघून गेला होता. शाळेची वेळ ठरवताना कुठल्या घड्याळाने ते विचारून घे.

खारीक
झांझिबार म्हणजे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा जन्म तिथला ना? 1946 चा. आणि शिकला आपल्या पाचगणीत.

माळरान
हो, पारशी कुटुंब, आडनाव बलसारा. पण पाचगणी आपली कधीपासून? आपल्याला चिखलदऱ्याचं बोल.

उर्दूमास्तर_कारंजा
ताई, पाण्याच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. रोजा मुसलमानावर फर्ज आहे, तुमच्यावर नाही. पाणी प्या. फक्त रस्त्यावर, वर्गात, मुलांसमोर नको. तिथं रोज्यांत दिवसा उघड्यावर खाण्यापिण्याबाबत पोलीसही कडक असतात असं वाचलंय, म्हणून भिंतीआड. मी उर्दू शाळेत आहे. आमचे शिपाईकाका हिंदू. रोज्यांत ते डबा घेऊन गोदरेजच्या कपाटामागे बसतात. आम्ही म्हणतो, काका, खुर्चीवर बसून खा, आमचा रोजा काही तुटत नाही. ऐकत नाहीत. पण ठेच्याचा वास काही कपाटामागे राहत नाही. आणि मगरीबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायला, अजून चार तास असतात!

कोरडवाहू
माझं मत वेगळं आहे. तिनं रोजे ठेवावेत. गावात मान मिळतो, पहिल्याच महिन्यात घरची होऊन जाते.

उर्दूमास्तर_कारंजा
मान मिळवायला रोजा ठेवत नाहीत साहेब. शिवाय तिकडे त्या महिन्यात दमट गरमी. पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर चक्कर येऊन पडली तर ज्या घरी राहते त्यांच्याच जिवाला घोर. एखादा दिवस घरच्यांसोबत हौसेनं ठेवला तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा, तेवढं पुरे.

दारेसलाम_रिटर्न
तिकडे इफ्तारच्या जेवणाला फुतारी म्हणतात. नारळाच्या दुधातली केळी, कसावा, रताळी. निम्म्याहून जास्त शाकाहारीच निघतं.

रानवेल
पुरुषमंडळी, एक राहिलंच. पाळीच्या दिवसांत बायकांना रोजा नसतो. म्हणजे ज्या घरात चार बायका आहेत तिथं स्वयंपाकघरात कोणी ना कोणी दिवसा खाणारी असतेच. पऱ्हाटी, तू तिच्याबरोबर बस, कोणी काही विचारणार नाही. कपड्यांचं म्हणशील तर आपले सलवार-कमीज चालतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेव. घरी खोलीला आतून कडी आहे का, हे मात्र संस्थेला आधी विचार. ते धर्माचं नाही, कुठंही विचारावं.

माळरान
आता खरा प्रश्न. व्हिसा कुठला? आणि संस्था तुझ्याकडून पैसे घेते आहे का?

पऱ्हाटी
व्हिसाचं ते म्हणाले टुरिस्टवर या, इथं आल्यावर बघू. प्लेसमेंट फी म्हणून चाळीस हजार मागितलेत. त्यात काही चूक आहे का?

दारेसलाम_रिटर्न
आहे. टुरिस्ट व्हिसावर शिकवता येत नाही, फुकट शिकवलं तरी. स्वयंसेवकांना तिथं क वर्गाचा रेसिडेन्स परमिट लागतो आणि त्याची धावपळ बोलावणाऱ्या संस्थेनं करायची असते. पकडली गेलीस तर दंड तुला, संस्थेला नाही. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारला उतरणाऱ्या परदेशी माणसाला तिथल्या सरकारी कंपनीचा प्रवास विमा सक्तीचा आहे, 44 डॉलर. तो फीमध्ये धरलाय का विचार. पिवळ्या तापाची लस लागते का हे दूतावासातून लेखी घे, कारण लागली तर निदान दहा दिवस आधी टोचावी लागते.

वऱ्हाडी_बाप्पा
चाळीस हजार देऊन फुकट शिकवाचं? आमच्या गावात ये ताई, मी चहा फुकट पाजतो.

खारीक
पापड-कुरड्या कॅरीबॅगमध्ये नेऊ नकोस. 2019 पासून टांझानियात प्लास्टिक पिशव्या बंद आहेत, विमानतळावरच काढून घेतात.

पऱ्हाटी
परमिटचं मेलवर विचारलं. उत्तर आलं, "बाकी सगळे टुरिस्टवरच येतात." बाबांना माठाची भाजी मिळते म्हणून सांगितलं तर म्हणाले, ते ठीक आहे, पण लोखंडी तवा नेशील का. आई अजून बोलत नाही. शनिवारी परमिटचा कागद आल्याशिवाय नाही असंच कळवते. दुसरी एखादी संस्था, परमिट देणारी, कोणाला माहीत असेल तर इथंच लिहा.

कोरडवाहू
तवा चेक-इन बॅगेत टाक. हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत.