नवऱ्याच्या घराण्याचं मूळ शोधतेय, 1850 च्या मागे गाडी अडलीय

शार्लटची_सून
नमस्कार मंडळी, नवरा अमेरिकन, आडनाव मिलर, आणि सासूबाईंना रिटायर झाल्यावर घराण्याचा इतिहास लिहायची हौस आलीय, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात. 1850 पर्यंत फटाफट लागलं कारण त्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं (गुलाम सोडून, त्यांची यादी वेगळी आणि त्यात नावंच नाहीत). मूळ पुरुष तेव्हा जॉर्जियात, वय 71, जन्म नॉर्थ कॅरोलायना. त्याच्या मागे ठणठणाट. घरात सांगतात की मूळचे पेनसिल्व्हेनियाचे, तीन भाऊ बोटीने आले वगैरे. एक डेव्हिड मिलर त्याचा भाऊ असावा असं वाटतंय, पण तो 1830 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रोवन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) आणि 1840 ला डेव्ही काउंटीत, म्हणजे हा पण हलला का? ऑनलाइन तयार वंशावळी आहेत पण एकीत बाप मुलापेक्षा चार वर्षांनी लहान आहे 😅

जुने_कागद
तीन भावांची गोष्ट अमेरिकेत दर दुसऱ्या घरात सांगतात, ती बाजूला ठेव. डेव्हिड बहुतेक जागचा हललाच नाही, 1836 ला रोवन तोडून डेव्ही केली. रोवन स्वतः 1753 ला अ‍ॅन्सनमधून निघाली. त्यामुळे 1836 च्या आधीचे कागद सॉल्सबरीलाच, म्हणजे रोवनच्या मुख्य गावातच बघायचे, डेव्हीत शोधत बसलीस तर काही मिळणार नाही.

आणि मिलर मिलर करत फिरू नको, शेजारी पकड. ही माणसं एकटी कधीच सरकायची नाहीत, अख्खी आळी सरकायची. त्या भागातली जमीन लॉर्ड ग्रॅनव्हिल या इंग्रज सरदाराची होती, त्याच्या जमीन देण्याच्या सनदांसोबत मोजणीचे नकाशे आहेत, रॉलीच्या स्टेट आर्काइव्हमध्ये. त्यात चतुःसीमा असते, अमक्या ओढ्यावरचा ओक, तमक्याचा बांध, आणि खाली मोजणीची साखळी धरणाऱ्या दोघांची नावं. ही दोन नावं सोन्यासारखी, कारण साखळी धरायला बऱ्याचदा भाऊ, मेहुणा नाहीतर जावईच यायचा. तीच नावं पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर, यॉर्क, बर्क्सच्या टॅक्स यादीत एकत्र दिसली की समज गाव सापडलं.

एक सांगून ठेवतो, 1763 ला ग्रॅनव्हिल वारला आणि त्याचं जमिनीचं ऑफिस बंद पडलं, नव्या सनदा थेट 1778 ला राज्याने सुरू केल्या. मधल्या काळात सनद नाही म्हणून माणूस तिथे नव्हताच असं धरू नको.

पुणेरी_भोचक
मधेच तोंड घालतो, पण पिक्चरमध्ये तर सगळे घोडागाडी घेऊन पश्चिमेला जाताना दिसतात, हे दक्षिणेला कशाला? आणि आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्या निघतात तसं काही नाही का तिकडे?

यादकिनकाठ
पश्चिमेला अ‍ॅपलेशियन डोंगर आडवा, पलीकडे फ्रेंच आणि मूळ रहिवाशांशी लढाया. पेनसिल्व्हेनियात जमीन महागलेली आणि घरात पाचसहा मुलगे. डोंगराच्या कुशीतली शेनान्डोआ व्हॅली नैऋत्येला जाते, तिच्यातूनच ग्रेट वॅगन रोड ही गाडीवाट जायची, फिलाडेल्फिया, लँकेस्टर, मग पोटोमॅक ओलांडून विंचेस्टर, स्टॉन्टन, आत्ताचं रोअनोक आणि खाली सॉल्सबरी. सरहद्दीवरचा प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून, त्याचं घराणं याच वाटेने आलेलं, 1750 ला बर्क्समधून निघाले, 1753 ला बापाला ग्रॅनव्हिलची 640 एकर. आईबाप पुरले तेव्हा ती जागा रोवनमध्ये होती, आता डेव्हीत, मॉक्सव्हिलजवळ.

वह्यांचं म्हणशील तर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या. गाव सोडताना जुन्या मीटिंगचा (म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीचा) दाखला न्यायचा, नव्या मीटिंगने तो नोंदवायचा, दोन्हीकडे तारीख. बाहेरच्याशी लग्न केलं की बाहेर काढायचे, त्याचीही नोंद, बूनच्या बापाला तर मुलाच्या अशा लग्नाची बाजू घेतली म्हणून काढलं. मोरेव्हियन (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) लोकही 1753 ला पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमहून आले, त्यांच्या डायऱ्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही बरंच सापडतं. मिलर नक्की कुठल्या चर्चचे हे आधी ठरव.

जुने_कागद
जॉर्जियाचं राहिलं. तिथल्या पहिल्या तीन जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्यात, म्हणून लँड लॉटरीच्या, म्हणजे चिठ्ठ्या काढून जमीन वाटायचे त्याच्या याद्या बघ, 1805 पासून 1830 च्या दशकापर्यंत. 1805 ला सज्ञान गोऱ्या एकट्या पुरुषाला एक चिठ्ठी, बायको किंवा लहान मुलं असतील तर दोन, त्यामुळे लग्न झालेलं का तेही कळतं. वाटलेली जमीन क्रीक आणि चेरोकी या मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली, हेही इतिहासात लिहा. आणि मृत्युपत्रं उघडलीस तर गाईघोड्यांच्या शेजारी गुलाम माणसांची नावं येतील, ती गाळू नको, त्यांच्या वंशजांना 1870 च्या मागे जायला बऱ्याचदा तेवढाच धागा असतो.

शार्लटची_सून
बाप रे, आभार सगळ्यांचे! सासूबाईंना मृत्युपत्रांचं सांगितलं, जरा गप्प झाल्या पण म्हणाल्या लिही सगळं. बायबलमध्ये मागच्या पानावर जर्मन अक्षरं आहेत म्हणे, म्हणजे ल्यूथरन असतील का?

यादकिनकाठ
ल्यूथरन नाहीतर रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ), बऱ्याच ठिकाणी दोघांचं चर्च एकच असायचं. त्या पानाचा फोटो टाक इथे, जुनी जर्मन लिपी वाचणारे आहेत. फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून 1727 पासून शपथ घ्यायचे, त्या याद्या आहेत, फक्त मिलर टाकून थांबू नको, म्यूलर, मुलर, मोलर सगळं टाक, आणि सोबत ती साखळीवाली नावं पण.