सूत्रे, गोट, धुसफूस, बंड: पक्षातल्या भांडणाच्या बातमीतले शब्द

प्रश्न

राजकीय घडामोडींवर लिहिणाऱ्या काही जणांचा मजकूर मी तपासून देते. अलीकडे एकाच पक्षाच्या एकाच बैठकीवरचे तीन लेख हाताखाली आले. पहिल्यात ‘अंतर्गत धुसफूस शिगेला’, दुसऱ्यात ‘पक्षात यादवी’, तिसऱ्यात ‘बंडाचे निशाण’. तिघांचाही आधार ‘विश्वसनीय सूत्रे’. बैठकीत घडले होते एवढेच, की एक नेते मध्येच उठून गेले. का गेले, हे तिघांपैकी कोणालाच सांगता आले नाही.

हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? बातमीच्या उगमाला ‘सूत्र’ म्हणावे की ‘स्रोत’? आणि असे लिहिणाऱ्याला ‘ब्लॉगर’शिवाय मराठीत काही म्हणता येते का? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

‘ब्लॉग’साठी ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन शब्द मराठीत केले गेले. ‘रोजनिशी’वरून ‘जालनिशी’ चांगला साधला आहे, पण बोलण्यात रुळला ‘ब्लॉग’च. तो राहू द्यावा. त्याहून महत्त्वाचे, लिहिणारा त्या लेखात कोणते काम करतो आहे ते पाहावे. घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावत असेल तर तो भाष्यकार. ‘माझ्या माहितीनुसार आतमध्ये असे घडले’ म्हणत असेल तर तो बातमीदार, मग कुठल्या वर्तमानपत्राचे ओळखपत्र त्याच्याकडे असो वा नसो. बातमीदाराला खातरजमा करावी लागते, दुसऱ्या बाजूला विचारावे लागते. मत मांडणाऱ्याची मोकळीक आणि बातमीदाराचा रुबाब, दोन्ही एकदम मागणारे लेखन मला पटत नाही.

‘सूत्र’ला माझी हरकत नाही. रूढ झाला आहे, सर्वांना कळतो. ‘स्रोत’ निधीसाठी, पाण्यासाठी, ऊर्जेसाठी ठीक. माणसाला स्रोत म्हणणे कानाला खटकते.

प्रतिसाद

माझी ‘सूत्र’ला हरकत आहे, आणि ती शुद्धलेखनाची नाही. सूत्र म्हणजे धागा. त्यावरून ज्याला धरून पुढे जाता येते असे नेमके वचन. सूत्राचे जुने लक्षण ‘अल्पाक्षरम् असंदिग्धम्’ असे सुरू होते. मोजकी अक्षरे आणि संशयाला जागा नाही. गणिताचे सूत्र, पाणिनीचे सूत्र आपण त्याच भरवशाने म्हणतो. तो सगळा भरवसा कानगोष्टीच्या मागे उभा केला, की वाचकाला वाटते, एवढे ‘सूत्र’ आहे म्हणजे काही ठोस असणार. त्यात अनेकवचन. ‘सूत्रांनी सांगितले’ यातले सूत्र पुष्कळदा एकच माणूस असतो.

याच्या आधीपासूनचा शब्द आपल्याकडे आहे, ‘गोट’. गोट म्हणजे लष्कराचा तळ. ‘अमक्यांच्या गोटातून असे कळते’ म्हटले की सांगणारा कोणत्या बाजूचा हे वाक्यातच येते. पक्षांतर्गत भांडणाच्या बातमीत वाचकाला सर्वांत जास्त गरज असते ती याच माहितीची. ज्याने ‘ते नाराज आहेत’ असे सांगितले, तो त्यांचा माणूस की त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा? माणसाचे नाव न देताही हे सांगता येते. ‘सूत्र’ नाव लपवतो आणि बाजूही लपवतो, ‘गोट’ फक्त नाव लपवतो.

मराठीत खोट्या किंवा अर्धवट बातमीचे शब्द भरपूर आहेत, आणि गंमत त्यांच्या क्रियापदांत आहे. वावडी म्हणजे पतंग, ती उठवतात. आवई उठते किंवा उठवतात. पुडी सोडतात. कंडी पिकवतात. बातमी पेरतात. या प्रत्येकात करणारा कोणीतरी आहे आणि त्याचा हेतूही आहे. उलट बातमी ‘फुटते’ तेव्हा ती खरी असते, फक्त बाहेर यायला नको होती. ‘फुटली’ आणि ‘फोडली’ यांतही फरक आहे. पहिल्यात निष्काळजीपणा असू शकतो, दुसऱ्यात कोणाचा तरी हात असतो. इतकी बारीक साधने हाताशी असताना आपण लिहितो काय? ‘असल्याची चर्चा आहे’, ‘असल्याचे बोलले जाते’, ‘असल्याचे समजते’. कोण बोलते, कोणाला समजते? कर्ता गायब.

त्यापेक्षा बोलण्यातले ‘म्हणे’ प्रामाणिक आहे. ‘ते म्हणे पक्ष सोडणार’ या वाक्यात बोलणारा स्वतःच सांगतो, की हे मी ऐकले, पाहिले नाही, आणि याची हमी माझ्याकडे मागू नका. छापील मजकुरात ‘म्हणे’ घरगुती वाटतो म्हणून कोणी वापरत नाही. पण ‘समजते’ लिहून तीच ऐकीव गोष्ट माहितीच्या वेषात पुढे केली जाते.

आता भांडणाचे शब्द. धुसफूस, यादवी, बंड हे एकाच रागाचे लहान, मध्यम, मोठे आकार नाहीत. प्रत्येक शब्द काहीतरी वेगळे घडल्याचा दावा करतो.

धुसफूस दबलेली असते, तोंडातल्या तोंडात. शीग म्हणजे माप भरल्यावर वर येणारी रास. जे बाहेर येत नाही ते शिगेला कसे पोचेल? धुसफूस वाढेल, चव्हाट्यावर येईल, पण चव्हाट्यावर आली की ती धुसफूस उरत नाही.

यादवी म्हणजे प्रभासक्षेत्री यादवांनी आपसांत लढून केलेला कुळाचा नाश, महाभारताच्या मौसलपर्वातला. सगळे सगळ्यांवर उठले आणि कूळच संपले. एक नेते बैठकीतून उठल्याने यादवी होत नाही.

सुंदोपसुंदी वेगळी. सुंद आणि उपसुंद हे सख्खे भाऊ, एकजीव. एकमेकांखेरीज कोणाच्या हातून मरण नाही असा त्यांना वर मिळालेला. तिलोत्तमेवरून दोघांत जुंपली आणि दोघेही मेले. म्हणून सुंदोपसुंदीला पक्ष दोनच लागतात, आधीची जवळीक लागते, आणि हवी असलेली वस्तूही एकच लागते. एकाच पदावर डोळा असलेले दोन जुने सहकारी, ही तिची खरी जागा. चार गटांच्या भांडणाला सुंदोपसुंदी म्हणू नये, तिथे लाथाळ्या पुरेत.

भाऊबंदकीत वारसा असतो. नेत्यानंतर पक्ष कोणाचा, नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, हा वाद पेटतो तेव्हा तिच्याइतका नेमका शब्द नाही.

बंडाला मात्र उघड कृती लागते. आपल्याकडे ‘बंडखोर उमेदवार’ हा शब्द अगदी काटेकोर आहे. पक्षाने अधिकृत उमेदवार दिलेला, त्याच्याविरुद्ध याने अर्ज भरलेला, माघारीची मुदत संपली तरी मागे घेतलेला नाही. हे कागदावर तपासता येते, सूत्रे लागत नाहीत. नुसता रुसलेला माणूस बंडखोर नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की भांडणाचा शब्द निवडताना आकड्याइतकाच पुरावा हवा. नाव न सांगणाऱ्या एका माणसाच्या जोरावर फार तर ‘नाराजी’ लिहिता येईल.

प्रतिसाद

‘बंड’ म्हणायचे की ‘उठाव’, हे बहुतेक वेळा लिहिणारा कोणाच्या बाजूला उभा आहे त्यावर ठरते. १८५७ साठी कोणी ‘शिपायांचे बंड’ लिहिले, कोणी ‘उठाव’, कोणी ‘स्वातंत्र्यसमर’. जून २०२२ मध्ये शिवसेनेत तेच झाले. एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्यांनी ‘उठाव’ म्हटले, उद्धव ठाकरे यांच्या बाजूने ‘गद्दारी’ म्हटले गेले, वर्तमानपत्रांनी ‘बंड’ लिहिले. आमदार आधी सुरतेला गेले आणि मग गुवाहाटीला. १९०७ साली काँग्रेस फुटली तीही सुरतेतच, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहणारा. त्या अधिवेशनात जोडा फेकला गेला, खुर्च्या उचलल्या गेल्या. तरी गटांची नावे पाहा, ‘जहाल’ आणि ‘मवाळ’. भांडण कशावरून होते ते नावांतच दिसते. आज ‘अमुक गट’, ‘तमुक गट’ एवढेच उरले आहे. नेत्याचे नाव कळते, वाद कसला ते कळत नाही.

‘फूट’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे, कारण तो काही काळ कायद्याचा शब्द होता. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अपात्रतेपासून संरक्षण होते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. आता संरक्षण आहे ते विलीनीकरणाला, आणि त्यासाठी दोन तृतीयांश सदस्य लागतात. त्यामुळे ‘आम्ही फुटलो’ असे म्हणून कोणाचा फायदा होत नाही. वेगळे झालेले म्हणतात, ‘आम्हीच मूळ पक्ष’. जुलै २०२३ मध्ये अजित पवार सरकारात गेल्यावर शरद पवारांच्या बाजूनेही काही काळ ‘पक्षात फूट नाही’ असे सांगितले जात होते. अशा वेळी ‘फूट’ लिहायची तर ती लिहिणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर लिहावी, नेत्याच्या तोंडी घालू नये.

प्रतिसाद

मी बातमीदारी केली आहे. ‘सूत्र’ शब्दावर एवढा राग बरा नव्हे. पक्षाच्या बैठकीत काय झाले हे नाव देऊन सांगणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी पद जाते, तिकीट जाते. नाव झाकल्याशिवाय आतली बातमी बाहेर येतच नाही, आणि अशा झाकलेल्या नावांनीच पुष्कळ खरे बाहेर आणले आहे. ‘गोट’ लिहिला तर काही वेळा तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. चार जणांच्या बैठकीत एका गोटाचा एकच माणूस असेल तर काय करायचे?

प्रतिसाद

तुमचा मुद्दा रास्त आहे. चौघांच्या बैठकीत ‘गोट’ नका लिहू. पण तेव्हा ‘बैठकीला हजर असलेल्या एकाने सांगितले’ असे लिहिता येते. त्यात दोन गोष्टी कळतात, माणूस एकच आहे आणि त्याने स्वतः पाहिले आहे. बैठकीबाहेर थांबलेल्या कार्यकर्त्याने सांगितले असेल तर तेही लिहावे. ‘सूत्रे’ म्हटले की आत बसलेला आणि बाहेर थांबलेला एका मापाने मोजले जातात. नाव झाकणे ही सांगणाऱ्याची गरज आहे, ती मी मान्य करतो. सांगणाऱ्याला ते कुठून कळले, हे झाकण्याची गरज मात्र बहुतेक वेळा नसते.

आणि याची किंमत कोण मोजते, तेही पाहा. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘धरावे’ होते आणि आनंदीबाईंनी ते ‘मारावे’ केले, अशी कथा. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. आनंदीबाईंनी अक्षर बदलले याचा निर्विवाद पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तरी वाक्प्रचार झाला आणि एका बाईचे नाव त्याला कायमचे चिकटले. सत्तेसाठी एका घरात चाललेले भांडण, आत काय घडले हे सांगणारे कोणत्या ना कोणत्या बाजूचे, आणि लोकांना पटलेली एक चटकदार गोष्ट. मजकुरात फेरफार करण्याला आपण जो वाक्प्रचार वापरतो, त्याच्या मुळाशीच कच्चा पुरावा आहे. मला हे फार लागते. तीन लेखांपैकी एकाने ‘बंडाचे निशाण’ लिहिले तेव्हा त्या उठून गेलेल्या नेत्यांचेही असेच काहीतरी ठरवून टाकले. उद्या ते घरच्या आजारपणासाठी उठले होते असे कळले, तरी ‘बंडवाले’ ही ओळख पुसली जायची नाही.

प्रतिसाद

याच काळातला आणखी एक शब्द उपयोगी आहे, ‘तोतया’. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची आवई होती, तिच्या आधारावर तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये कोकणात त्याचे मोठे बंड झाले. आज एखाद्या नेत्याच्या नावाने दुसराच कोणी खाते चालवतो, त्याला ‘बनावट खाते’ म्हणतात. ‘तोतया खाते’ जास्त नेमके. बनावट काहीही असू शकते, तोतया कोणाचा तरी असावा लागतो.

आणखी एक. ‘पक्षाने वृत्ताची पुष्टी केली नाही’ हे हिंदीच्या वळणाचे आहे. मराठीत दुजोरा देतात. दुजोरा नाही म्हणजे इन्कार आहे असे नव्हे. ‘दुजोरा मिळाला नाही’ आणि ‘इन्कार केला’ यांची गल्लत बरेच जण करतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मजकूर असा बदलला आहे: ‘बैठक सुरू असतानाच ते उठून गेले. कारण त्यांनी सांगितलेले नाही. उमेदवारीवरून ते नाराज आहेत, असे विरोधी गटातील एका पदाधिकाऱ्याचे म्हणणे आहे. हा पदाधिकारी बैठकीला हजर नव्हता.’ मथळा ठेवला आहे, ‘बैठक अर्धवट सोडली, बंडाची तयारी?’ चालेल का?

प्रतिसाद

मजकूर चालेल. फक्त ‘विरोधी गटातील’ऐवजी ‘पक्षातीलच प्रतिस्पर्धी गटातील’ करा, नाहीतर वाचक विरोधी पक्षातला समजेल. मथळ्यातला स्वल्पविरामापुढचा भाग काढा. प्रश्नचिन्ह लावले तरी वाचकाच्या लक्षात ‘बंड’च राहते, आणि खाली मजकुरात त्याला आधार देणारी एकही ओळ नाही.