मदत हवी आहे: रिगचं (तेलविहीर खोदायच्या यंत्रणेचं) काम थांबलंय, ट्रेलर कुठल्या कामाला लावू?

नमस्कार मंडळी. कळंबोलीत माझा ४० फुटी ट्रेलर आहे. विहीर खोदायला लागणारे ड्रिल पाइप, केसिंग (विहिरीत बसवायचे पाइप) न्हावा सप्लाय बेसला, म्हणजे रिगचा माल चढवायच्या तळावर, पोचवायचो. तिथून माल जहाजाने मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राला जातो. रिगची कामं कमी झाली आणि फेऱ्या बंद पडल्या. हप्ता, टायर, पगार सगळं अंगावर आलंय. ड्रायव्हर जुना, विश्वासाचा. त्याला घरी बसवायला मन धजत नाही.

जेएनपीटी बंदराच्या कंटेनरसाठी ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला घट्ट धरणारे लॉक) बसवले तर आरटीओत नोंद बदलावी लागते का? की ड्रायव्हरला धोकादायक मालाचं ३ दिवसांचं ट्रेनिंग देऊन उरणला गॅस टँकरवर लावू? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा. भाडं किती दिवसांनी हातात पडतं तेही लिहा, माझं जुनं अजून अडकलंय.