हॉलसाठी टिकाऊ सोफा सुचवा (डोंबिवली, बजेट ५० हजार)

स्वाती_डोंबिवली
नमस्कार मंडळी. गणपतीच्या आत हॉलमधला सोफा बदलायचाय. आत्ताच्या सोफ्याची मधली सीट पार बसलीय आणि रेक्झिनचे पापुद्रे रोज केरात निघतात. हॉल १० बाय १५, तिसरा मजला, लिफ्ट लहान. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आत रुतणारा सोफा नको. बजेट ५० हजार, ओढूनताणून ५५. एल शेप मनात आहे. लाकूड, फोम, कापड यातलं मला काही कळत नाही. कल्याण-ठाणे पट्ट्यात कुठे बघू? सोफा कम बेड नको, पाहुण्यांसाठी पलंग आहे.

अनघा_ठाणे
सोफा कम बेडच घे गं! आमच्याकडे सात वर्षं आहे, खाली स्टोरेज, सगळ्या रजया आणि गाद्या त्यात मावतात. पलंग काढून टाक, जागा होईल.

राजाभाऊ
घरात ज्येष्ठ माणूस असेल तर रिक्लायनरला पर्याय नाही. मी मोटरवाला थ्री सीटर घेतला, सव्वा लाख पडले, पण वडील दिवसभर त्यावर असतात. बटण दाबलं की पाय वर. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू, पैशाकडे बघू नका.

चहाबाज
राजाभाऊ, त्यांनी ५० हजार म्हटलंय. आणि भिंतीपासून जागा सोडावी लागते ती वेगळी. १० फुटी हॉलमध्ये रिक्लायनर उघडला की समोरून जायला वाट राहत नाही.

राजाभाऊ
आता भिंतीला चिकटून चालणारे येतात. आमचा तसाच आहे.

एडिसनकर
रेक्झिन चुकूनही घेऊ नका, प्युअर लेदर घ्या. आमचा इथे न्यू जर्सीत बारा वर्षं झाली, अजून नव्यासारखा.

कोकणी_मेवा
दादा, न्यू जर्सीची हवा वेगळी आणि डोंबिवलीची वेगळी. आमच्या रत्नागिरीच्या घरी लेदरच्या सोफ्याला पहिल्याच पावसाळ्यात हिरवी बुरशी आली. बंद खोली, दमट हवा, रोज पुसणार कोण? रेक्झिनचीही तीच गत: वरचा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दमट हवेत आणि घामाने सुटतोच, डोकं टेकतं तिथे आधी. नवीन असताना लेदर आणि रेक्झिन सारखंच दिसतं. कापड घ्या, कापड.

वैनगंगा
कापडाचं नंतर बघा, आधी लाकूड. आम्ही चंद्रपूरकडचे. सागवान घ्यायचा तर आलापल्लीचा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेला, यात सगळं आलं. आमच्या आजोबांनी केलेला सागवानी कोच आजही घरात आहे, फक्त गाद्या बदलल्या.

मारवाड_मेल
सागवान छानच, पण ५० हजारात अख्खा सागवानी सेट आज कोण देणार? शिसम घ्या. आम्ही जोधपूरहून मागवला, चौघांनी उचलून आणला इतका जड.

वैनगंगा
वजनावर लाकूड ठरत नाही. शिसम म्हणून बाभूळ आणि आंबा गडद पॉलिश मारून सर्रास विकतात.

मारवाड_मेल
आमचा शिसमच आहे. मी समोर उभं राहून घेतला नसला तरी बिलावर लिहिलंय.

चिंगी२
बिलावर आमच्याही लिहिलं होतं. वर्षभरात पायाखाली पिठासारखा भुसा पडायला लागला. सुताराने दाखवलं, लाकडातला पांढरा भाग तसाच वापरला होता आणि कीड नेमकी तिथेच लागली होती. सागवान असो की शिसम, गाभ्याचं गडद लाकूड असेल तरच टिकतं. सोफा उलटा करून मागची बाजू बघा, पुढून सगळं पॉलिशखाली झाकलेलं असतं.

मध्यममार्गी
सागवान-शिसमसाठी वेगळा धागा काढा ना. स्वातीताईंना गादीचा सोफा हवाय असं दिसतंय, त्यात लाकूड आत असतं.

जुनी_खुर्ची
आमचा घरचा धंदा गाद्या-सोफ्यांचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात गेल्यावर सर्वांत आधी सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच त्याच्याबरोबर उचलला गेला पाहिजे. तो जमिनीवरच राहिला तर फ्रेम पिळवटतेय, पुढचं काही ऐकू नका, बाहेर पडा. मग सोफा आडवा करायला सांगा. खाली काळं पातळ कापड असतं, त्याची कड सोडवून आत बघू द्या म्हणा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, चार स्टेपल परत मारायला त्याला दोन मिनिटं लागतात. आत पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) दिसला तर घेऊ नका, त्यात स्क्रू एकदा ढिला झाला की परत धरत नाही. पक्कं लाकूड किंवा जाड प्लाय हवा आणि कोपऱ्यांत तिरके ठोकळे हवेत. सीटखाली झिगझॅग स्प्रिंग असतील तर उत्तम. नुसते इलास्टिकचे पट्टे असतील तर ते जवळजवळ, उभे-आडवे विणलेले आहेत का ते बघा.

फोमबद्दल सगळे "४० डेन्सिटी" म्हणतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही, टिकण्याशी आहे. बसायला ४० चा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबून सोडला की लगेच वर येणारा) फोम, पाठीला ३२ चालतो. हे तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या. आणि गाद्यांना चेन हवीच, म्हणजे पुढे नुसता फोम बदलता येतो.

सासूबाईंसाठी टेप घेऊन जा. जमिनीपासून सीट १८-१९ इंच, सीटची पुढून मागे खोली २० ते २१. हल्लीचे फॅशनचे सोफे १५-१६ इंचावर असतात आणि २४-२५ इंच खोल, त्यातून गुडघ्याच्या माणसाला उठता येत नाही. हात कडक आणि पुढेपर्यंत आलेले हवेत, कारण उठताना जोर त्यांच्यावरच येतो.

अनघा_ठाणे
४० डेन्सिटी घे, आमच्यातही तीच आहे.

चहाबाज
लिफ्टचं माप कोणीच विचारलं नाही. थ्री सीटर साधारण ७ फूट असतो. आमच्या शेजाऱ्यांचा जिन्याच्या वळणावर अडकला, शेवटी गॅलरीतून दोरांनी वर घेतला, त्याचे हमालांनी वेगळे पैसे घेतले. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि सेफ्टी डोअर, तिन्ही मोजा.

नाना_सातारकर
सोफा हवाच कशाला? भारतीय बैठक करा. गादी, लोड, तक्के. दहा हजारात काम होतं, मुलं पडत नाहीत, पाहुणे तिथेच झोपतात.

कोकणी_मेवा
नाना, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या सासूबाईंचं.

नाना_सातारकर
सवयीने बसता येतं. आमची आई ऐंशीव्या वर्षी मांडी घालून बसायची.

उल्हास_नगरी
उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा, डोंबिवलीहून जवळ. पहिल्या दुकानात घेऊ नका, चार दुकानं फिरा. "जीएसटी धरून सांगा" हे आधीच म्हणा, नाहीतर शेवटी १८ टक्के वर लागतात. पॅकिंग, टेम्पो, वर चढवायची मजुरीही त्यातच धरा. तुर्भ्याला आयकिया आहे, तिथे नुसतं बसून बघायला जा, माप कळतं.

मध्यममार्गी
जुन्याची फ्रेम चांगली असेल तर नवीन फोम आणि कापड का नाही? थ्री सीटरला साधारण १० ते १२ मीटर कापड लागतं. निम्म्यात होईल.

जुनी_खुर्ची
मध्यममार्गींना अनुमोदन. आणि एल शेप शक्यतो नको. लांब बाजू डावीकडे की उजवीकडे हे कायमचं ठरतं, उद्या घर बदललं की बसत नाही. शिवाय कोपऱ्यातल्या सीटवर कोणी बसत नाही, तिथे धुतलेले कपडेच पडतात. फिका रंगही नको, मुलं लहान आहेत.

चिंगी२
एल शेप नको. +१

राजाभाऊ
एल शेप नकोच. रिक्लायनर.

स्वाती_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सोफा बुक केला. जुन्याची फ्रेम उघडून बघितली, आत पार्टिकल बोर्ड निघाला, म्हणून दुरुस्तीचा विषय संपला.

एल शेपच घेतला, आणि फिका राखाडीच. घर आमचं स्वतःचं आहे, बदलायचा विचार नाही. खिडकीखालचा कोपरा आजवर वाया जात होता. मुलं तिथे पाय पसरून वाचतील, म्हणून मला तो हवाच होता. उल्हासनगरला नाही गेलो, घराजवळच्या दुकानातच घेतला. फोमचं काही झालं तर चालत जाऊन त्याला बोलावता येईल. त्याने खालचं कापड सोडून दाखवलं, आत झिगझॅग स्प्रिंग आहेत. ४० डेन्सिटी बिलावर लिहून घेतली. दोन भागांत सुटा होतो, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न नाही. कव्हरं चेनची, एक जोड जास्तीची शिवून मागितली. सगळं धरून ५२ हजार.

सासूबाईंना मात्र त्यावर बसून उठवलंच नाही. त्यांच्यासाठी सागवानी हातांची खुर्ची वेगळी घेतली, १९ इंच उंच, साडेआठ हजार. दुकानात त्या बसल्या, हातांवर जोर देऊन एकट्या उठल्या, "हीच" म्हणाल्या. बजेट गेलं वर, पण खुर्चीबाबत मला घासाघीस करवेना.

वैनगंगा
खुर्ची सागवानी घेतलीत, उत्तम केलंत. दोन वर्षांनी पॉलिश करून घ्या.

नाना_सातारकर
साठ हजारात सहा बैठका झाल्या असत्या.

जुनी_खुर्ची
फिक्या कापडाला चहा सांडला तर घासू नका, कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. आणि दर महिन्याला गाद्यांची जागा आपापसांत बदला, एकच सीट बसणार नाही.

पाटीलवाडा
कोल्हापुरात चांगला सोफा कुठे मिळेल? बजेट ३० हजार.

राजाभाऊ
रिक्लायनर बघा.