मदत हवी आहे: फडाच्या चारीवर पाणी मोजायचं कसं?

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीची (बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणून गटागटाच्या शेतांना, म्हणजे फडांना, पाळीने वाटायची जुनी रीत) माहिती असलेल्यांनी जरूर सांगा. बंधारा आणि पाट शाबूत आहेत, पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्याही नेमलेत. अडचण वाटपाची आहे. एका फडात एकच पीक, हा नियम विहिरींमुळे मोडलाय. विहीरवाला मधेच ऊस लावतो, मग आपल्या सोयीने पाटाचं पाणीही मागतो. पाटाच्या शेपटाकडच्यांची ओरड रास्तच आहे.

तासांवर पाळी दिली तर पाटाला पाणी कमी-जास्त असताना अन्याय होतो. म्हणून चारीच्या (पाटातून फडात जाणाऱ्या लहान पाटाच्या) तोंडाशी 90 अंशांची व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायची V आकाराची खाच असलेली फळी, बसवली. खाचेच्या तळापासून पाण्याच्या 20 सेंमी उंचीला सेकंदाला साधारण 25 लिटर, 10 सेंमीला जेमतेम साडेचार! उंची निम्मी झाली की पाणी पाचव्या हिश्शाच्याही खाली, हे लोकांना पटवणं वेगळंच काम. पण चारीला उतार कमी. खालचं पाणी तुंबून नॉच बुडते, मागे गाळ साचतो, आकडा खोटा येतो.

कमी उताराला कटथ्रोट फ्ल्यूम (मधे अरुंद गळा असलेली, पाणी मोजायची सपाट तळाची नाली) कुणी बांधलाय का? गळ्याची रुंदी किती ठेवली? आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याखालच्या पाणी वापर संस्थेत विहीरवाल्यांची पाळी कशी ठरवता? ठरावाचा मसुदा असेल तर तोही द्या.